निखारे, टिमकी, नागपूर

बावीस मे. कूलरमध्ये बादली ओतून निखारे म्हणाले,
"सांगा मॅडम, तिकडं आमचं नाव काय ठेवता?"
तिकडं म्हणजे शांघाय. पहिला माल बाराशे पाकिटं,
काळा मसाला, दगडफूल जरा जास्त.
"म्हणजे तिकडं आपुन फॉरेनचे ना वं?"
त्यांच्या आईनं लवंगा निवडता निवडता विचारलं
आणि स्वतःशीच हसली.
तिच्या मागे मागाचा जुना खड्डा, आता धण्याच्या पोत्यांनी भरलेला.

मी म्हटलं, त्या लिपीत नुसता आवाज लिहिता येत नाही.
प्रत्येक आवाज आपला अर्थ घेऊनच येतो,
जेवणाला एकाला बोलवावं
आणि त्यानं चार पोट्टे आणावे तसा.
नाव कागदावर तोडून दाखवलं:
नि, म्हणजे तू.
खा, म्हणजे कार्ड. नाहीतर घशात अडकणं.
र, म्हणजे गरम.
"तू अडकला, गरम," निखारेंनी जुळवलं,
आणि गल्ल्यावरचा भाचा इतका हसला
की त्याला खरोखर ठसका लागला.
"शाळेत पोट्टे याले असंच तोडून चिडवत," म्हातारी म्हणाली,
"डबा उघड, नि खा रे."

भाच्याला ड्रॅगन पाहिजे होता.
ड्रॅगन तिकडे गल्लोगल्ली, मी सांगितलं,
आपल्याकडच्या जय भवानी टी स्टॉलसारखा.
एक नाव मला फार आवडलं होतं.
एजंट बाई फोनवर म्हणाली, सुंदर आहे,
पण विमा कंपनीचं वाटतं.

रात्री इंदोऱ्यात, गच्चीवर, शब्दकोश मांडीवर.
आजोबांचा चौथीचा दाखला मी त्यातच ठेवते, घडी मोडू नये म्हणून.
नाव: कचऱ्या.
पोर जगावं म्हणून आईनं ठेवलं की मास्तरानं लिहून टाकलं,
घरात कुणालाच माहीत नाही.
नावं ठेवणारे पुष्कळ होते,
नाव ठेवणारं कोण, ते सापडत नाही.
छप्पनच्या त्या दसऱ्यानंतर एका रविवारी
त्यांनी गल्लीतली पोरं ओळीनं उभी केली
आणि खाऊ वाटावा तशी नावं वाटली:
महेंद्र, उपाली, सुजाता, आनंद,
एका रांगत्या पोरीला महामाया.
स्वतःसाठी घेतलं नाही.
"आता मले काय, वय झालं," म्हणाले.
तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते.

बोट एका अक्षरावर थांबलं. यू.
उरलेलं. शिलकीतलं.
मासा या शब्दाचा उच्चारही हाच, म्हणून नव्या वर्षाच्या जेवणात
तिकडे मासा ठेवतात आणि मुद्दाम पुरता संपवत नाहीत.
हुओ, म्हणजे आग.
ते अक्षर माझं आवडतं: एक माणूस, पाय फाकून उभा,
आणि दोन्ही खांद्यांजवळ एकेक ठिणगी.
यू-हुओ.
सगळं जळून गेल्यावर राखेखाली जी राहते, ती.

"पण यात आमचं नाव ऐकू कुठं येते?" निखारे म्हणाले.
नाही येत. खरं होतं ते.
मी अर्थ सांगितला, ते गप्प बसले.
पंख्याच्या वाऱ्यानं तमालपत्रं सरकत राहिली.
मग एजंटचा फोन: लिहिलेलं छान आहे,
पण नुसतं ऐकलं तर कोळ्यांच्या होडीतला
रात्रीचा दिवा वाटेल. चालेल का?
निखारेंनी बराच विचार केला,
जणू होडीचं भाडं त्यांनाच द्यायचं होतं.
"दिवा चालते," म्हणाले.

म्हातारीनं परातीतली धणेपूड हातानं सपाट केली
आणि माझ्या कागदात पाहून बोटानं अक्षर काढलं.
माणूस. इकडे ठिणगी. तिकडे ठिणगी.
मग डोक्यावर आणखी एक.
"आई, दोनच राहतात," भाचा म्हणाला.
"राहू दे बापा," ती म्हणाली, "सावजी आहे."
आणि पदरानं बोट पुसलं.